येंगेनचे चिबाऊ
(कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



आज आम्ही एका सरपंचाची गोष्ट सांगणार आहोत. गाव लांबचं आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात न्यू कॅलिडोनिया नावाचं बेट आहे, तिथले मूळ रहिवासी कनाक. 1853 साली फ्रान्सने तिथं झेंडा रोवला. चांगली जमीन गोऱ्यांच्या गुरांना गेली, कनाकांना राखीव पट्ट्यांत कोंबलं. कंद लावायची त्यांची जमीन कागदावर मोकळी ठरली. का, तर ती काही वर्षं विसाव्याला ठेवलेली होती! दळीवाल्यांना हे समजावून सांगायला नको.

तिथल्या त्येंदानित पाड्यावर 1936 साली ज्यां-मारी चिबाऊ जन्मले. मिशनमध्ये शिकले, पाद्री झाले. फ्रान्सला जाऊन माणसांच्या रीतिभातींचा अभ्यास केला, परत आल्यावर झगा उतरवला. 1975 साली नूमेआ या राजधानीत, गोऱ्यांच्या शहरात, त्यांनी कनाकांचा मोठा मेळावा भरवला. काही कनाक तरुण म्हणाले, हा गोऱ्यांना दाखवायचा तमाशा. आम्हाला तसं वाटत नाही. 'कनाक' ही गोऱ्यांची शिवी होती, ती मान वर करून सांगायचं नाव झाली.

1977 साली ते येंगेनचे मेयर झाले. मेयर म्हणजे आपल्या सरपंचासारखाच, फक्त पाडे जास्त. पुढे स्वातंत्र्याच्या आघाडीचे पुढारी झाले. 5 डिसेंबर 1984 च्या रात्री बैठकीहून गाड्यांतून घरी निघालेल्या कनाकांवर वाटेत दबा धरून गोळ्या घातल्या. दहा जण मेले. त्यात चिबाऊंचे दोन सख्खे भाऊ. एका पाड्याचे इतके बाप्ये एका रात्रीत गेले. तरी रस्त्यावरचे अडथळे काढायचं जे ठरलं होतं, ते चिबाऊंनी फिरवलं नाही. आणि 1987 साली कोर्टाने मारणाऱ्यांना सोडून दिलं. स्वतःच्या बचावासाठी गोळ्या घातल्या म्हणे!

1988 साली उवेआ बेटावर फ्रेंच फौजेने गुहेवर हल्ला केला, 19 कनाक मारले गेले. पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, चिबाऊंनी पॅरिसला करारावर सही केली आणि गोऱ्यांच्या पुढाऱ्याशी हात मिळवला. दहा वर्षं थांबायचं, मग स्वातंत्र्यावर मतदान. उवेआच्या लोकांच्या डोळ्यांतलं पाणी तेव्हा सुकलेलं नव्हतं.

4 मे 1989. मेलेल्यांचं वर्षाचं सुतक फेडायला चिबाऊ उवेआला गेले. तिथल्याच एका कनाकाने, स्वातंत्र्य मागणाऱ्यानेच, त्यांना आणि त्यांचे साथी येवेने यांना गोळी घातली. त्याच्या लेखी ती सही म्हणजे गद्दारी होती.

आमच्यात यावर रात्रभर वाद झाला. काही म्हणाले, सही करण्याआधी पाड्यापाड्यांत जाऊन विचारायला हवं होतं. काही म्हणाले, आणखी किती मढी मोजायची होती? तुमच्या पाड्यात बसून बोला, आणि काय ठरतं ते आम्हाला कळवा.