मुंबई कुठून पाहावी?

(गणेशोत्सवातील व्याख्यान)



आजचा विषय ऐकून काही जण मनात म्हणतील, इंद्रवेल्लीत बसून मुंबईची चर्चा कशाला? पण आपल्यातल्या किती घरांतली माणसे मुंबईला जाऊन येतात ते बघा. कोणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो, कोणी परळला टाटा हॉस्पिटलमध्ये रुग्णाला घेऊन जातो, कोणी मुलाच्या परीक्षेसाठी, नोकरीसाठी. आदिलाबादला नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये बसलो की सीएसएमटीलाच उतरायचे. काम आटोपले की परतीची गाडी. मुंबई पाहिली का विचारले तर उत्तर येते, ‘गर्दी पाहिली.’

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. आपल्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले, आपण आंध्र प्रदेशात राहिलो आणि आता तेलंगणात आहोत. मी याच राज्याची नोकरी करतो, याच मातीचे मीठ खातो. पण मुंबई आपल्या भाषेचे सर्वांत मोठे शहर आहे. ते नीट पाहण्याचा हक्क सोडू नये, एवढेच म्हणणे.

माझे शिक्षण सिव्हिल डिप्लोमाचे. त्यामुळे इमारती पाहताना पहिला प्रश्न पडतो, उजेड कुठून येतो? मुंबईचा एक समुद्र पश्चिमेला, दुसरा पूर्वेला. पश्चिमेच्या किनाऱ्यावरच्या इमारती संध्याकाळी उजळतात, पूर्वेच्या सकाळी. एवढे लक्षात ठेवले की अर्धे काम झाले.

पूर्वेपासून सुरुवात करू. सकाळी गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीची लाँच पकडा. गुंफा सोमवारी बंद असतात, तो वार टाळा. लाँच धक्का सोडून थोडी आत गेली की मागे वळून पाहा. १९२४ मध्ये पूर्ण झालेला गेटवे, शेजारी १९०३ चे ताज हॉटेल, आणि दोन्हींवर समोरून पडलेले कोवळे ऊन. पाठ फिरवून बसणारे प्रवासी हे दृश्य गमावतात.

दुपारी ओव्हल मैदानात उभे राहा. एका बाजूला हायकोर्ट आणि १८७८ चा राजाबाई टॉवर, म्हणजे दगडी, टोकदार मुंबई. दुसऱ्या बाजूला १९३० नंतरच्या आर्ट डेको इमारती, गोल कोपरे आणि सरळ रेषांच्या. मधल्या मैदानावर पोरे क्रिकेट खेळत असतात. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा म्हटले. मान एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली की साठेक वर्षांचा इतिहास दिसतो, आणि तिकीट नाही.

संध्याकाळी मलबार हिलवर कमला नेहरू पार्क. माझ्या मते शहराची सर्वांत चांगली रेषा इथून दिसते. खाली गिरगाव चौपाटी, तिथून नरिमन पॉइंटपर्यंत वळत गेलेला मरीन ड्राइव्हचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा रस्ता. मावळता सूर्य आपल्या पाठीशी, त्यामुळे समोरच्या इमारती सोनेरी होतात. अर्धा तास थांबा, दिवे लागतात आणि ‘राणीचा हार’ हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. पावसाची सर येऊन गेली असेल तर हवा धुतलेली असते, लांबचेही स्पष्ट दिसते. हिवाळ्यात धुरकट असते.

आता मुद्द्याचे सांगतो. हे दृश्य आपोआप टिकलेले नाही. या बागेतून दिसणारा देखावा झाकला जाऊ नये म्हणून समोरच्या भागातल्या इमारतींच्या उंचीवर विकास नियमावलीत बंधन घातले गेले. त्यावरून वाद झाले, कोर्टापर्यंत गेले. सरकारी कागदातला एक नियम, पण त्यामुळे फुटपाथवर राहणारा माणूसही बागेत येऊन तेच पाहतो जे करोडो रुपयांच्या फ्लॅटचा मालक पाहतो.

याच्या उलट बाजू पाहायची तर हाजी अलीला जा. दर्ग्याच्या वाटेवर अर्ध्यात थांबून शहराकडे तोंड करा. भरतीला ही वाट पाण्याखाली जाते, वेळ विचारूनच पाऊल टाका. समोर वरळी, महालक्ष्मी आणि मागे लोअर परळचे टॉवर. त्यातला वर्ल्ड वन २८० मीटरचा, गिरणीच्या जमिनीवर उभा. एकेकाळी या भागाची ओळख चिमण्या होत्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर धूर कायमचा विरत गेला. कोकणातून, घाटावरून आलेल्या ज्या मराठी माणसाने ते गिरणगाव उभे केले, त्यातले बहुतेक आज त्या उंचीवरून समुद्र पाहू शकत नाहीत. टॉवर सुंदर दिसतात, मी नाही म्हणत नाही. पण पाहताना हेही आठवावे.

चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी अभिवादन झाल्यावर दादर चौपाटीवर थोडे थांबावे. तिथे माता रमाबाई आंबेडकर यांच्या नावाची प्रेक्षागॅलरी आहे. समोर ३० जून २००९ ला सुरू झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू, आणि सूर्य त्याच बाजूला मावळतो. सेतूवर पायी जाता येत नाही, गाडीही थांबवता येत नाही. तो दुरूनच पाहायचा. वांद्र्याला बँडस्टँडच्या टोकाशी पोर्तुगीजांचा जुना किल्ला आहे, तिथूनही सेतू छान दिसतो.

तरुणांना एक विनंती. सेल्फीसाठी मरीन ड्राइव्हच्या त्या चार पायांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर उतरू नका. ते निसरडे असतात. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस महापालिका आधी जाहीर करते, त्या दिवशी कठड्यापासून लांब राहा.

शेवटी आपल्या गावाबद्दल. आपल्याला समुद्र नाही, टॉवर नाहीत. आपली रेषा म्हणजे सागाच्या जंगलाचे डोंगर आणि पावसाळ्यात त्यांवर उतरणारे ढग. उद्या रस्ता रुंद होईल, दुकाने वाढतील, मजले चढतील. ते व्हायलाच हवे, मुलांना पोट आहे. पण चौकात बॅनर लावताना, घरावर मजला चढवताना मागचा डोंगर झाकला जातो का, एवढे विचारायला खर्च येत नाही. मुंबईसारख्या शहराला जमिनीचा एवढा भाव असताना एका बागेतले दृश्य राखण्यासाठी नियम करता आला, तर आपल्याला आपसात ठरवूनही जमेल.

 गणपती बाप्पा मोरया!