अन्नशास्त्राचें नवें त्रैमासिक आणि त्याचे वाचक



कांहीं दिवसांपूर्वीं माझ्या परिचयाची एक तरुण संशोधिका मजकडे आली आणि तिनें एक पातळसा अंक माझ्या हातीं ठेविला. आहार व पोषण ह्या विषयांवरील संशोधन मराठींत प्रसिद्ध करण्यासाठीं तिनें आणि तिच्या सहकाऱ्यांनीं एक त्रैमासिक काढिलें आहे. त्याचा तो पहिला अंक होता. मीं तो चाळला, तिचें अभिनंदन केलें आणि पुढचा अंक केव्हां निघणार, असें सहज विचारलें. त्यावर ती म्हणाली, "काका, लेख आहेत, ते तपासून देणारे जाणते लोक आहेत, छापणाराही आहे. वाचक मात्र बोटांवर मोजण्याइतके आहेत. मलपृष्ठावर जाहिरात द्यावयास एक कारखानदार तयार आहेत; वर्षाचा सगळा खर्च त्यांत निघेल." एवढें बोलून ती थांबली. थांबण्याचें कारण मला अंकांतच सांपडलें. मुलांना दुधांतून देण्याच्या पुडींत साखर किती असते, ह्याविषयीं त्यांत एक लेख होता. आणि जाहिरात देऊं करणारे गृहस्थ तसलीच पूड विकणारे होते.

त्या दिवशीं मीं तिला कांहीं सल्ला दिला नाहीं. परंतु ही अडचण तिच्या एकटीची नव्हे, असें मला वाटत राहिलें. नभोवाणीवरून कोणाची भलामण करणें योग्य नव्हे, म्हणून त्या त्रैमासिकाचें नांव मी सांगत नाहीं. अशा कोणत्याही नव्या नियतकालिकास तुमच्या-आमच्यासारख्या घरांचा आधार कां हवा, आणि आधार म्हणजे नेमकें काय, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

पहिली शंका कोणाच्याही मनांत येईल ती अशी, कीं संशोधनाचीं नियतकालिकें शास्त्रज्ञांनीं शास्त्रज्ञांसाठीं चालवावीं. प्रपंचांत गढलेल्या माणसाचा तेथें काय संबंध? ताऱ्यांच्या किंवा धातूंच्या शास्त्रापुरतें हें कदाचित् मान्य करतां येईल. अन्नशास्त्राची गोष्ट निराळी आहे. त्याचा आरंभ आपल्या स्वयंपाकघरांत होतो आणि त्याचें फळ तेथेंच परत यावें लागतें. तें परत आलें नाहीं म्हणजे काय होतें, ह्याचा एक जुना दाखला सांगतों.

जावा बेटांत, ज्या शहरास आज जकार्ता म्हणतात त्या बटाव्हियांत, आयकमन नांवाचे डच डॉक्टर बेरीबेरी ह्या रोगाचा शोध करीत होते. ह्या रोगांत हातापायांची शक्ति जाते, माणूस लुळा पडतो आणि अखेर हृदय थकून मरतो. १८९० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेंतल्या कोंबड्यांनाच तसला विकार जडला, आणि कांहीं महिन्यांनीं तो आपोआप बरा झाला. चौकशी करतां असें कळलें, कीं मधल्या काळांत त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यांतला उरलेला पांढरा भात घालण्यांत येत होता. पुढें तेथें नवा आचारी आला. मुलकी कोंबड्यांना लष्करी भात देण्याचें त्यानें साफ नाकारलें. कोंबड्यांना पुन्हां कोंड्यासकट तांदूळ मिळूं लागला आणि त्या पायांवर उभ्या राहिल्या! एका आचाऱ्याच्या काटेकोरपणानें आहारशास्त्राचें एक मोठें दार उघडलें.

आयकमन ह्यांना प्रथम असें वाटलें, कीं पांढऱ्या भातांत कांहीं विष असावें आणि कोंडा हा त्यावरचा उतारा असावा. त्यांच्यामागून तेंच काम हातीं घेणारे ग्राइन्स ह्यांनीं १९०१ सालीं खरा अर्थ लाविला. विष वगैरे कांहीं नाहीं. शरीराला अवश्य असें एक द्रव्य कोंड्यांत आहे, आणि तें न मिळालें म्हणजे रोग होतो, असें त्यांनीं लिहिलें. पण तें लिहिलें डच भाषेंत आणि छापलें जावांतल्या वैद्यकीय नियतकालिकांत. बाहेरच्या जगांत तें फारसें कोणीं वाचलें नाहीं. पुढें जपानांत सुझुकी ह्यांनीं भाताच्या कोंड्यांतून तें द्रव्य वेगळें काढण्याचें काम केलें व १९११ च्या सुमारास तें जपानी भाषेंत प्रसिद्ध केलें. त्याचा जर्मन सारांश निघाला, त्यांत हें नवेंच पोषकद्रव्य आहे हा मुख्य मुद्दाच गळून गेला. १९१२ सालीं फुंक ह्यांनीं लंडनहून 'व्हायटामिन' हा शब्द रूढ केला आणि श्रेय त्यांच्याकडे गेलें. १९२९ चें नोबेल पारितोषिक आयकमन व हॉपकिन्स ह्यांना मिळालें. ग्राइन्स त्यांत नव्हते.

श्रेयाचा प्रश्न आपण बाजूला ठेवूं. त्या वर्षांतच आशियाभर यंत्रावर सडलेला पांढरा तांदूळ पसरत होता आणि त्यावर जगणारीं माणसें बेरीबेरीनें मरत होतीं. रोगाचें उत्तर छापलेलें होतें; तें वाचणारा कोणी नव्हता. न वाचलेलें संशोधन आणि न झालेलें संशोधन ह्यांत रोग्याच्या दृष्टीनें कांहींच फरक नसतो.

येथें कोणी मला अडवील, कीं डच भाषेंत लिहिल्यामुळें ग्राइन्स मागें पडले, मग मराठींत लिहिणारांचें तरी काय होणार? आक्षेप खरा आहे. म्हणूनच प्रत्येक लेखाचा बिनचूक इंग्रजी सारांश दिलाच पाहिजे, आणि तो आमच्या ह्या त्रैमासिकांत दिलेलाही आहे. परंतु जगांतील विद्वानांना कळणें हें अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें काम भाकरी थापणाऱ्या हातापर्यंत पोंचण्याचें आहे, आणि तें मराठीशिवाय होणार नाहीं.

आपल्याकडेही हें अर्धें काम पुष्कळदां राहून गेलें. बेरीबेरीच्याच शोधासाठीं १९१८ सालीं मॅकॅरिसन ह्यांनीं निलगिरींत कुन्नूर येथें एका खोलींत प्रयोगशाळा मांडली. तीच वाढत वाढत १९५८ सालीं हैदराबादेस गेली व १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊं लागली. मॅकॅरिसन ह्यांनीं हिंदुस्थानांतील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांना घालून पाहिले. शीख व पठाण ह्यांच्या अन्नावरचे उंदीर सर्वांत सुदृढ निघाले आणि त्यांच्या खालोखाल मराठ्यांच्या अन्नावरचे! प्रयोग आपल्याच ताटाचा होता. पण तो किती मराठी घरांना ठाऊक झाला? १९३७ सालीं ॲक्रॉइड ह्यांनीं हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढिली. २०१७ च्या कोष्टकांत तर ५२८ पदार्थांचीं मूल्यें दिलेलीं आहेत. हें काम मोठें आहे. परंतु हे आंकडे मुख्यतः कच्च्या पदार्थांचे, आणि आपण खातों तें शिजवून, भाजून, आंबवून. शंभर ग्रॅम नाचणींत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें, हें कोष्टक सांगतें. तिच्या भाकरींतून तें अंगीं किती लागतें आणि आंबिलींतून किती, हा प्रश्न मात्र कोष्टकानें सुटत नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांमागें ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या देशाची ही स्थिति आहे तेथें असले प्रश्न केवळ पंडितांचे राहत नाहींत.

आतां पैशाकडे वळूं. नियतकालिकाचा खर्च देणारे मुख्यतः तिघे असतात : जाहिरातदार, लेखक किंवा वाचक. लेखकानें शुल्क द्यावें आणि वाचकानें फुकट वाचावें, ही रीत अलीकडे पुष्कळ रूढ झाली आहे. तिनें ज्ञान सर्वांना खुलें झालें हा तिचा गुण. परंतु पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं दुकानेंही तिच्याच आडोशानें उघडलीं. जाहिरातदाराची गोष्ट तर उघडच आहे. आकाशगंगेच्या मोजमापांत कोणाचा माल गुंतलेला नसतो. तेल, साखर, मीठ, दुधाची पूड ह्यांविषयींचें एकेक वाक्य कोणाच्या तरी विक्रीवर जाऊन आदळतें. बाळाच्या दुधाच्या भुकटीबाबत हा प्रकार इतका थराला गेला, कीं १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेस तिच्या विक्रीविषयीं नियमावली करावी लागली, आणि आपल्या देशानें १९९२ सालीं कायदा करून तिच्या जाहिरातीस बंदी घातली.

साखरेचें उदाहरण त्याहून बोधप्रद आहे. १९६५ सालीं अमेरिकेंतील साखर धंद्याच्या एका संशोधनसंस्थेनें हार्वर्ड विद्यापीठांतील शास्त्रज्ञांना सुमारें साडेसहा हजार डॉलर दिले. त्यांतून जो विस्तृत आढावा तयार झाला तो १९६७ सालीं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या नामांकित नियतकालिकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा दोष त्यांत स्निग्ध पदार्थांवर गेला आणि साखरेवरचा संशय हलका झाला. पैसे कोणाचे, हें छापलें गेलें नाहीं. तसें छापण्याचा नियमच तेव्हां नव्हता. जुनीं पत्रें व दप्तरें तपासून ही हकीकत २०१६ सालीं उजेडांत आली. मध्यें जवळजवळ पन्नास वर्षें गेलीं.

लक्षांत घ्या, त्या नियतकालिकास वर्गणीदारांची वाण नव्हती. म्हणून केवळ वर्गणी भरली कीं सत्याची राखण झाली, असें मी म्हणत नाहीं. वाचकाचा आधार दुहेरी असला पाहिजे : एक पैशाचा आणि दुसरा प्रश्नाचा. पैसा संपादकास मिंधेपणापासून सोडवितो आणि प्रश्न त्यास जागा ठेवतो.

प्रश्न कसले विचारावे? ह्यास शास्त्राची पदवी लागत नाहीं. प्रयोग किती माणसांवर केला? तुलना कशाशीं केली? खर्च कोणीं दिला? हे तीन प्रश्न भाजीवालीशीं घासाघीस करणाऱ्या कोणाही गृहिणीस सहज विचारतां येतील. आणि मूळ आधार कोठें आहे, हा चौथा. पालकांत लोह फार, ही समजूत घरोघर आहे. १९८१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें एका डॉक्टरांनीं लिहिलें, कीं दशांशचिन्ह चुकल्यामुळें पालकांतील लोह दहापट छापलें गेलें आणि तेथून ही समजूत पसरली. ही गंमतीची गोष्ट पुष्कळांनीं पुढें उचलली. २०१० सालीं एका अभ्यासकानें मुळापर्यंत जाऊन पाहिलें, तों दशांशचिन्हाच्या त्या कथेलाच पुरावा सांपडेना! चूक दाखविणारेंही तपासावें लागतें, तें असें.

असा चौकस वाचक आपल्यांत नाहीं असें नव्हे. कमला सोहोनी ह्यांनीं १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली, कुन्नूरच्या प्रयोगशाळेंत काम केलें, मुंबईस कडधान्यांवर व नीरेवर संशोधन केलें. आणि उतारवयांत त्यांनीं लेखणी कोणासाठीं चालविली? ग्राहकांच्या एका संस्थेच्या 'कीमत' नांवाच्या मासिकासाठीं. घर चालविणारा वाचक शास्त्र समजण्यास असमर्थ आहे, असें त्या विदुषीस वाटलें नाहीं. पुण्यांत १९२८ सालीं निघालेलें 'सृष्टिज्ञान' मासिकही कित्येक दशकें चाललें, तें शास्त्र मराठींत वाचूं इच्छिणारीं घरें होतीं म्हणूनच.

तेव्हां आपण काय करावें? एकट्यास वर्गणी जड वाटत असेल तर चार शेजाऱ्यांनीं मिळून एक अंक घ्यावा, किंवा आपल्या वाचनालयाच्या चिटणिसांकडे तो मागावा. वाचून जें पटलें नाहीं तें संपादकांस कळवावें. "कांहीं फरक आढळला नाहीं" असा निष्कर्ष आला तरी कंटाळूं नये. तोही निष्कर्षच आहे, आणि तसले निष्कर्ष छापण्याचें धैर्य वाचकांच्या सहनशीलतेवरच अवलंबून असतें. आणखी एक लहानशी गोष्ट. पाहणी करणारी मुलगी दारीं येऊन "काल काय काय खाल्लें?" असें विचारील, तेव्हां जें खावयास हवें होतें तें न सांगतां जें खाल्लें तें सांगावें. फरसाण लपविलें, तर आंकड्यांतूनही तें लपतें, आणि मग आपल्याच मुलांसाठीं चुकीचा सल्ला तयार होतो.

त्या मुलीचा दुसरा अंक आतां छापखान्यांत जाईल. त्याचें मलपृष्ठ विकावें कीं कोरें ठेवावें, हें तिनें परवांपर्यंत ठरविलें नव्हतें. तिनें तें विकलें तर मी तिला दोष देणार नाहीं. कागद आणि शाई फुकट मिळत नाहींत. परंतु तसें झालें, तर साखरेवरचा पुढचा लेख लिहितांना तिचा हात एक क्षण अडेल, आणि त्या क्षणाची किंमत आपल्या घरांतलीं मुलें देतील. तो हात अडूं नये अशी इच्छा असेल, तर मलपृष्ठ कोरें ठेवणें तिला परवडेल अशी व्यवस्था आपणच केली पाहिजे.