पडद्यावरील खेळ : जुने आणि नवे

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो ऐकून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी रेडिओजवळ बसला असेल, तर त्याला हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. ज्या मास्तरानें तीस वर्षें मुलांच्या दप्तरांतून गोट्या, भोंवरे, पत्ते आणि पुढें पुढें तळहातांत मावणारीं खेळाचीं यंत्रें जप्त करून टेबलाच्या खणांत कोंडलीं, तोच आज व्हिडिओ गेमविषयीं चार शब्द सांगावयास बसला आहे. परंतु चोरांच्या युक्त्या जशा फौजदाराला ठाऊक असतात, तशी मुलांच्या खेळांची थोडीफार माहिती मास्तराला असते. तेवढ्या अधिकारावर हें धाडस करीत आहें.

हे खेळ चांगले कीं वाईट, हा आजचा प्रश्न नाहीं. त्यावर बोलून बोलून आम्हां शिक्षकांचे घसे बसले आणि मुलें खेळतच राहिलीं! आजचा प्रश्न निराळा आहे. हे खेळ खेळणारांमध्येंच आतां दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो कीं, १९८० पासून पुढील पंधरा-वीस वर्षांत जे खेळ निघाले तेच खरे. त्यानंतरचे सारे दिखाऊ. दुसरा तट म्हणतो कीं, ते जुने खेळ म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. बालपणाच्या उमाळ्यापलीकडे त्यांत कांहीं नाहीं. हा वाद ऐकला म्हणजे मला माझ्या लहानपणींच्या घराची आठवण होते. वडील मंडळी म्हणत, गाणें ऐकावें तें नाट्यसंगीत; आणि आम्ही पोरें रेडिओवरील चित्रपटगीतांना कान लावून बसत असूं. फार कशाला, खुद्द कालिदासालासुद्धां 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेंत, भासासारखे नांवाजलेले नाटककार असतांना या नव्या कवीचें नाटक कां करावें, या शंकेचें उत्तर सूत्रधाराच्या तोंडून द्यावें लागलें. तेव्हां भांडण जुनेंच. वस्तु तेवढी नवी.

माझ्या घरांत हे दोन्ही तट एकाच छपराखालीं नांदतात. माझा चिरंजीव चाळिशी ओलांडलेला. नातू तेरा वर्षांचा. चिरंजीवाचें बालपण दूरदर्शन-संचाला जोडावयाच्या त्या स्वस्त नक्कल-यंत्रावर गेलें, जें त्या काळीं आपल्या शहरांतून घरोघर दिसे. त्याच्या चौकोनी ठोकळ्याला मुलें 'कॅसेट' म्हणत, आणि ती चालेनाशी झाली कीं तींत मोठ्या श्रद्धेनें फुंकर घालीत. फुंकरीचा उपयोग कांहींच नसे. उलट तोंडच्या वाफेनें धातूच्या पट्ट्या गंजत. परंतु कॅसेट काढून पुन्हां बसविली म्हणजे बहुधा चाले, आणि श्रेय फुंकरीला मिळे.

गेल्या मे महिन्याच्या सुटींत एके संध्याकाळीं चिरंजीव नातवाच्या मागें उभा राहून त्याचा खेळ पाहत होता. पाहतां पाहतां म्हणाला, "याला खेळ म्हणतात होय? निम्मा वेळ गोष्ट पाहण्यांत जातो. मेलास कीं तेथूनच पुन्हां सुरू! आम्हांला तीन लाईफ मिळत. त्या संपल्या कीं पहिल्यापासून. तुम्हां मुलांना तें जमायचेंच नाहीं." नातवानें मान न वळवितां उत्तर दिलें, "बाबा, तुमचा तो मारिओ म्हणजे चार चौकोन. त्यांत आहे काय?" शब्दानें शब्द वाढला, दार आपटलें, आणि पुढले दोन दिवस पितापुत्रांचें संभाषण "आजी, बाबांना सांग" आणि "आई, त्याला सांग" अशा मार्गानें चाललें. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं. त्याचें कारण पुढें सांगेन.

आधीं दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट तपासून पाहूं.

जुन्या पक्षाचें पहिलें म्हणणें असें कीं, त्यांच्या खेळांत अडचणींतून कल्पकता जन्मली. हें म्हणणें सर्वस्वीं खरें आहे. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यानें 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. त्यांत परग्रहावरील शत्रूंच्या रांगा खालीं सरकत येतात, आणि जसजसे शत्रु मरतात तसतसे उरलेले अधिकाधिक वेगानें धांवूं लागतात. ही गति मुळांत कोणी योजलेली नव्हती. यंत्र एकेक आकृति पाळीपाळीनें सरकवी. आकृति कमी झाल्या कीं पाळी लवकर येई. निशिकादोनें हा दोष न काढतां तसाच ठेवला, आणि तोच खेळाचा प्राण ठरला. मारिओला मिशा कां आहेत? १९८१ च्या 'डाँकी काँग' या खेळासाठीं शिगेरू मियामोतो यानें ही आकृति काढली, तेव्हां हाताशीं ठिपके इतके थोडे होते कीं तोंड दाखविणें कठीण. म्हणून मिशा काढल्या, आणि केंस टाळण्यासाठीं डोक्यावर टोपी घातली. पुढें १९८५ सालचा संबंध 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या ४० किलोबाइटांत बसविला गेला. आज मोबाईलवर काढलेलें एक साधें छायाचित्रसुद्धां याच्या कित्येक पट जागा अडवितें! जागा वांचविण्यासाठीं आकाशांतील ढग आणि जमिनीवरील झुडुपें यांना एकच आकृति वापरली. फक्त रंग बदलला. गरीब घरची गृहिणी एका लुगड्यांतून मुलीचा परकर आणि उशीचा अभ्रा काढते, त्यांतलीच ही करामत.

परंतु यावरून जुनें सगळेंच सोनें होतें असें मात्र ठरत नाहीं. नाण्यावर चालणारे ते खेळ इतके अवघड कां असत? खेळाडू लवकर मरावा आणि त्यानें दुसरें नाणें टाकावें म्हणून. अमेरिकेंत तर १९८३ सालीं निकृष्ट खेळांचा इतका सुळसुळाट झाला कीं तो धंदाच कोसळला. अटारी कंपनीनें न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोंतील आलमोगोर्डो गांवाजवळ खड्ड्यांत पुरल्या, आणि २०१४ सालीं त्यांतील कांहीं उकरून काढण्यांत आल्या. स्मृति ही चाळणीसारखी असते. कोंडा खालीं पडून जातो, आणि चाळीस वर्षांनीं वर राहिलेले दाणे पाहून आपण म्हणतों, काय पीक होतें तेव्हां!

आतां नवा पक्ष. जुन्या खेळांचीं चित्रें ओबडधोबड, हें त्याचें मुख्य दूषण. परंतु तीं चित्रें आजच्या कांचेसारख्या लख्ख पडद्यासाठीं काढलेलींच नव्हतीं. तेव्हांच्या फुगीर कांचेच्या, नळीच्या दूरदर्शन-संचावर शेजारचे ठिपके एकमेकांत किंचित् मिसळत. चित्रकार हें जाणूनच ठिपके मांडीत. आज तेंच चित्र लख्ख पडद्यावर दातेरी दिसतें. समईच्या उजेडासाठीं रंगविलेला देव्हारा विजेच्या प्रखर झोतांत पाहून रंगाऱ्याला नांवें ठेवावीं, तसा हा प्रकार आहे.

आणि नव्या खेळांत नुसता थाटमाट आहे, हा जुन्या पक्षाचा आरोपही तितकाच अर्धवट आहे. २०१६ सालचा 'स्टार्ड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ एरिक बरोन नांवाच्या एका माणसानें एकट्यानें रचला; चित्रें त्याचीं, संगीत त्याचें, आणि तोंडवळा जुन्या ठिपक्यांच्या खेळांचा. २०१८ सालच्या 'सेलेस्ट'मध्यें डोंगर चढावयाचा असतो. तो जुन्या कोणत्याही खेळाइतका कठीण आहे. मात्र ज्याच्या हाताला किंवा नजरेला कांहीं अधूपण असेल त्याला वेग कमी करून घेण्याची सोय आहे. वर्गांत मागच्या बाकावरील मुलाला फळा दिसावा म्हणून अक्षर मोठें काढलें, तर पुढच्या मुलाचा अभ्यास हलका होतो काय?

एका बाबतींत मात्र जुना पक्ष तक्रार करतो ती मला फार योग्य वाटते. पूर्वीं खेळ एकदां विकत घेतला कीं तो आपला होई. आतां कित्येक खेळ दूरच्या कंपनीच्या यंत्रांवर अवलंबून असतात. २०१४ सालीं निघालेला 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ मार्च २०२४ अखेर कंपनीनें आपलीं यंत्रें बंद करतांच, पैसे देऊन घेतलेल्यांनाही खेळतां येईनासा झाला. खेळांत पैसे टाकून बंद पेटी घ्यावयाची आणि आंत काय निघेल तें नशिबावर सोडावयाचें, असेही प्रकार निघाले. बेल्जममध्यें २०१८ सालीं त्यांना जुगारांत काढण्यांत आलें. परंतु हा अपराध खेळणाऱ्या मुलांचा नव्हे, विकणाऱ्यांचा आहे. दुकानदारावरील राग गिऱ्हाइकावर काढण्यांत काय हंशील?

आतां "तुम्हां मुलांना तें जमायचेंच नाहीं" या वाक्याकडे वळतों.

'टेट्रिस' हा खेळ पुष्कळांनीं पाहिला असेल. वरून पडणारे ठोकळे जुळवून ओळी भरावयाच्या. मॉस्कोंतील सोव्हिएट विज्ञान अकादमीच्या संगणक-केंद्रांत अलेक्सी पाजित्नोव्ह यानें तो १९८४ च्या सुमारास रचला. त्या यंत्राला चित्रें काढतां येत नसत, म्हणून त्यानें कंसाच्या चिन्हांचेच ठोकळे केले! निन्टेन्डो कंपनीनें आपल्या घरगुती यंत्रासाठीं १९८९ सालीं काढलेल्या आवृत्तींत एकोणतिसाव्या पायरीपासून ठोकळे इतक्या वेगानें पडत कीं, कळ दाबून धरली तरी ते बाजूला नेतां येत नसत. जुन्या खेळाडूंनीं मानलें होतें कीं, मनुष्याची मर्यादा येथें संपली.

२०१० पासून अमेरिकेंत या जुन्या टेट्रिसच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या, आणि जोनास न्यूबाउअर या खेळाडूनें त्या सात वेळां जिंकल्या. २०१८ सालीं पोर्टलंड येथें अंतिम सामन्यांत त्याच्यासमोर जोसेफ सेली हा सोळा वर्षांचा मुलगा बसला. खेळ निघाल्यानंतर कितीतरी वर्षांनीं जन्मलेला. कळ दाबून न धरतां अतिशय जलद टिचक्या मारण्याची रीत त्यानें साधली होती. मुलगा जिंकला, आणि पराभूत वीरानें त्याचें मोकळ्या मनानें कौतुक केलें. हा उमदा खेळाडू जानेवारी २०२१ मध्यें अकालीं निवर्तला. पुढें कळीवर एक बोट टेकवून दुसऱ्या हाताच्या बोटांनीं मागून ओळीनें ठोके देण्याची आणखी जलद रीत मुलांनीं शोधून काढली. डिसेंबर २०२३ मध्यें तेरा वर्षांचा एक अमेरिकन मुलगा सुमारें चाळीस मिनिटें खेळत खेळत १५७ व्या पायरीपर्यंत गेला, आणि तेथें मुलगा नव्हे, यंत्र थकलें! खेळ गोठून बंद पडला. चौतीस वर्षांत घरगुती यंत्रावर ही गोष्ट कोणाही मनुष्याच्या हातून घडली नव्हती. बापाच्या पिढीचा खेळ मुलाच्या पिढीनें शेवटास नेला. आणि त्यासाठीं त्या पोरांनीं जुन्या खेळाडूंचे डाव पाहून पाहून अभ्यासिले होते.

आतां त्या रात्रीं मला झोंप कां आली नाहीं, तें सांगतों. १९९७ सालची गोष्ट. चिरंजीव सातवींत होता. सहामाहींत गणितांत नापास झाला, आणि मीं रागाच्या भरांत तें खेळाचें यंत्र कॅसेटींसकट भंगारवाल्याच्या गाडीवर टाकलें. तो रडला नाहीं. त्यानें इतकेंच विचारलें, "बाबा, तुम्हीं तो खेळ एकदां तरी खेळून पाहिला होता काय?" मीं उत्तर दिलें नाहीं. मास्तराला प्रश्न विचारण्याची संवय असते, उत्तर देण्याची नसते. आणि परवां चिरंजीव नातवावर खेंकसला, तेव्हां तो माझाच आवाज मला माझ्याच घरांत ऐकूं आला.

दुसऱ्या दिवशीं मीं चिरंजीवाला जवळ बसवून ही टेट्रिसची हकीकत सांगितली, आणि शेवटीं म्हणालों, "जो प्रश्न तूं मला विचारला होतास, तो आज मी तुला विचारतों." तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. संध्याकाळीं मात्र नातवाजवळ सतरंजीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "आण इकडे, बघूं." पहिल्या तासांत तो दहा-बारा वेळां मेला. नातू हंसला नाहीं. "बाबा, डावीकडून या, तिकडे दरी आहे," एवढेंच म्हणाला. दोन दिवसांनीं मोबाईलवर जुना मारिओ मिळवून नातवानें तो खेळून पाहिला, आणि पहिल्याच खड्ड्यांत पडून ओरडला, "अरे, हें तर भयंकर अवघड आहे!" त्या वेळीं चिरंजीवाच्या तोंडावर जो आनंद दिसला, तो १९९७ सालीं मीं भंगारांत टाकला होता.

भांडण मिटलें असें मी म्हणत नाहीं. अजूनही होतें, पण आतां तें एका सतरंजीवर बसून होतें.

अमेरिकेंत २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणें, २०१० पूर्वीं तेथें निघालेल्या शंभर खेळांपैकीं सत्त्याऐशीं तेव्हां बाजारांत विकत मिळत नव्हते. म्हणजे जुन्या पक्षाचा ठेवा नाहींसा होत आहे, आणि 'द क्रू'सारख्या खेळाकडे पाहिलें तर नव्या पक्षाचा ठेवा त्याहूनही लवकर जाणार आहे. आजचा नवा खेळ आणखी वीस वर्षांनीं जुनाच म्हटला जाईल. तेव्हां खरें पाहतां दोघांचें दुःख एक आहे, आणि दोघांनीं मिळून करावयाचें काम पुष्कळ आहे.

श्रोतेहो, ज्या घरांत असा वाद चालत असेल त्या घराला मी एवढेंच सुचवितों कीं, दुसऱ्याच्या खेळाला नांव ठेवण्यापूर्वीं तो त्याच्याच शेजारीं बसून तासभर खेळावा. मग खुशाल नांवें ठेवावीं. आणि वडील माणसांना माझें मागणें इतकेंच कीं, मुलाच्या हातांतील वस्तु काढून घेण्यापूर्वीं ती एकदां आपल्या हातांत घेऊन पाहावी. मला हें कळावयास सत्तावीस-अठ्ठावीस वर्षें लागलीं. आपणांस तितकीं लागूं नयेत.