तोटा पचवायची हिंमत

100 रुपयांना घेतलेला शेअर 120 वर गेला की आपण लगेच विकून मोकळे होतो. तोच 70 वर आला, तर मात्र ‘भाव परत येईल’ म्हणत वर्षानुवर्षं धरून बसतो. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये याचं मूळ मांडलं: कमावल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख माणसाला जास्त लागतं. कानेमान यांना 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हीच खोड दुकानातही दिसते. मागच्या दिवाळीचे ड्रेस खरेदीच्या भावाखाली द्यायचे नाहीत, म्हणून ते तसेच पडून राहतात. भांडवल अडकतं, नवा माल उधारीवर येतो. त्यात गल्ल्यातूनच घरखर्च भागवला, तर धंद्यात नफा झाला की तोटा, हेच कळत नाही.

म्हणून शेअर घेतानाच तो कधी विकायचा, हे लिहून ठेवा. न हललेल्या मालाची दर सहा महिन्यांनी यादी करा. घराचं आणि दुकानाचं बँक खातं वेगळं ठेवा. आणि स्वतःला विचारा: आज हातात रोकड असती, तर हाच माल, हाच शेअर मी पुन्हा घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर विकून टाका.