पावसाच्या पाण्यातला किरणोत्सर्ग

मार्च 2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि काही दिवसांतच पॅसिफिक महासागरापलीकडे, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले संशोधक पावसाचं पाणी गोळा करू लागले. पाण्याचा नमुना द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेल्या जर्मेनियमच्या शोधकासमोर ठेवायचा, भोवती शिशाचं जाड कवच. बहुतेक किरणोत्सर्गी अणू ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतात, त्यावरून ते ओळखता येतात. सापडलं काय? आयोडीन-131, टेल्युरियम-132, सीझियम-134 आणि 137. प्रमाण अगदी अल्प, आरोग्याला धोका नसलेलं. गंमत म्हणजे आयोडीन-131 चा शोधही 1938 मध्ये याच विद्यापीठात लागला होता!

यातलं बोलकं सीझियम-134. त्याचा अर्धायुकाल जेमतेम दोन वर्षांचा, आणि अणुचाचण्यांतून ते जवळजवळ तयारच होत नाही. ते दिसलं, की जुन्या चाचण्यांची धूळ नव्हे, अणुभट्टीच.

स्ट्रॉन्शियम-90 मात्र भारी लबाड. ते गॅमा किरण सोडतच नाही, नुसते बीटा कण. तिथे रसायनशास्त्रज्ञच लागतो. दुधाचा नमुना असेल, तर आधी त्याची राख करायची, ती आम्लात विरघळवायची आणि गुणधर्मांत बरंच सारखं असलेल्या कॅल्शियमपासून स्ट्रॉन्शियम वेगळं काढायचं. खरं जिकिरीचं काम हेच. मग साधारण दोन आठवडे थांबायचं. तेवढ्यात त्यातून यिट्रियम-90 तयार होतं. ते मोजलं, की स्ट्रॉन्शियमचा हिशेब लागतो.