कोर्टाच्या खर्चाचीही वही ठेवा



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असं आपल्याकडे म्हणतात. वडिलांच्या जमिनीतला वाटा असो की हातउसने दिलेले पैसे, कितीतरी जणी खर्चाच्या धाकानेच गप्प बसतात. म्हणून आज आम्ही दाव्याच्या खर्चाबद्दल बोलणार आहोत.

दिवाणी प्रक्रिया संहिता हा १९०८चा कायदा. त्यातल्या कलम ३५ प्रमाणे खर्च कुणी कुणाला द्यायचा, हे कोर्ट ठरवतं. साधारण रीत अशी की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा. तसं करायचं नसेल, तर न्यायाधीशांना कारण लिहावं लागतं. ‘दावा खर्चासह मंजूर’ हे शब्द तुम्ही ऐकले असतील, ते यासाठीच. वाटणीच्या दाव्यात मात्र पुष्कळदा ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ असा हुकूम होतो.

या खर्चात कोर्ट फी, नोटीस, टायपिंग, नकला, साक्षीदारांचा भत्ता, वकिलाची फी हे सगळं येतं. खर्च प्रत्यक्ष झालेला आणि वाजवी असा धरावा, येण्याजाण्याचाही धरावा, असं सुप्रीम कोर्टाने २००५ साली सांगितलं आहे. तरीही हाती येणारी रक्कम बहुधा कमीच असते.

समोरचा माणूस ठरलेलं काम न करता नुसत्या तारखा घेत असेल, तर? आपली मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं. अशा वेळी कलम ३५-ब खाली त्या दिवसाचा खर्च मागा. कोर्टाने तसा हुकूम केला, तर पुढच्या तारखेला पैसे भरल्याशिवाय त्याला आपली बाजू पुढे चालवता येत नाही.

पण हेही ध्यानात ठेवा, हरलो तर खर्च आपल्यावरही बसू शकतो. जाणूनबुजून खोटा दावा केला, तर कलम ३५-अ खाली ३,००० रुपयांपर्यंत भरपाई वेगळी द्यावी लागू शकते.

बचत गटाचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. तशीच दाव्याचीही वही ठेवा. प्रत्येक तारीख, तिकीट, पावती तिच्यात जपा. वकिलांना फी दिली की पावती मागा, त्यात लाज कसली? दाव्यात खर्चाची मागणी लिहिली आहे ना, हेही विचारून घ्या.

आणि वकील लावायला पैसेच नसतील, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. एकटीला जायला संकोच वाटत असेल, तर गटातल्या दोघींना सोबत न्या.

हक्क खरा असेल, तर खर्चाच्या भीतीने तो सोडू नका.