रीडिंग कुठून आलं?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या वर्गातले कितीतरी जण आज भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आहेत. काही जण इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात, आणि बऱ्याच जणांची मुलं आता कॉलेजात पोचली आहेत. म्हणून आज आठवणींऐवजी एका वेगळ्याच विषयावर बोलते. तो म्हणजे कॉलेज-विद्यापीठांतल्या संशोधनाचा प्रामाणिकपणा.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांची तपासणी आपल्या पुणे विद्यापीठातल्या प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. २०१८ साली ती 'करंट सायन्स'मध्ये छापून आली. विद्यापीठांनीच सुचवलेली १००९ नियतकालिकं तपासली, तर त्यांतली ८८ टक्क्यांहून जास्त दर्जाला उतरत नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नावं यादीतून काढून टाकली. पुढे 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचं कामही पुणे विद्यापीठातच चालायचं. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. आता चांगलं-वाईट पारखायची जबाबदारी कॉलेजांवर आणि प्राध्यापकांवरच आली आहे.

उचलेगिरीसाठी २०१८ पासून नियम आहे. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. नियम चांगलाच आहे. पण मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून सांगते, ते सॉफ्टवेअर फक्त मजकूर जुळवून बघतं. रीडिंग खरंच घेतलं की घरी बसून लिहिलं, हे त्याला कळत नाही. मनाने लिहिलेले आकडे त्या तपासणीतून सहज पास होतात.

अशी फसवी 'पास' किती महागात पडते, ते फोक्सवॅगनच्या प्रकरणात जगाने पाहिलं. आपल्या चाकणला जिचा कारखाना आहे, तीच कंपनी. तिच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी ठेवायचं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजमापाची यंत्रं गाडीत ठेवली आणि गाडी रस्त्यावर चालवली. आकडे जुळेनात. त्यांनी ते जसे आले तसे २०१४ मध्ये मांडले. २०१५ मध्ये कंपनीला कबुली द्यावी लागली. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न निघाला, आणि भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलवायची घोषणा झाली. त्या संशोधकांनी 'आपलंच काहीतरी चुकलं असेल' म्हणून आकडे जुळवून घेतले असते तर?

आपल्या शॉप फ्लोअरवर ही शिस्त आहेच. माल रिजेक्ट होऊन आला की पहिला प्रश्न असतो, रीडिंग कुणी घेतलं, कुठल्या गेजने, आणि त्या गेजचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं? हाच प्रश्न कॉलेजात विचारला जायला हवा.

म्हणून तीन विनंत्या. जे शिकवतात त्यांनी रिपोर्टच्या आधी कच्ची वही मागावी, खाडाखोडीसकट. प्रयोग फसला असं खरं लिहिणाऱ्याचे मार्क कापू नयेत, नाहीतर पुढच्या वर्षी सगळ्यांचे प्रयोग यशस्वी होतील! पालकांनी तयार प्रोजेक्टसाठी पैसे देऊ नयेत.

तिसरी विनंती आपल्यातल्या वर्कशॉपवाल्यांना आणि मॅनेजरांना, आणि ही जरा अवघड आहे. "पोराला इंटर्नशिपचं सर्टिफिकेट पाहिजे, कंपनीत यायला वेळ नाही, तेवढी सही कर ना," असे फोन मला येतात, तुम्हालाही येत असतील. समोर मित्र असतो, कधी मेव्हणा असतो, नाही म्हणवत नाही. पण त्या मुलाच्या शिक्षणातला पहिला खोटा कागद आपल्या सहीचा असतो. उद्या तोच मुलगा ब्रेकच्या टेस्ट रिपोर्टवर सही करणार आहे, आणि त्या गाडीत आपल्यापैकीच कुणीतरी बसणार आहे.

मैत्री तोडायची गरज नाही. एवढंच म्हणायचं, "सर्टिफिकेट नक्की देतो. सोमवारपासून पोराला पाठव."